हात सैल, बाकी सगळं ताठ

नेपियर टाउन, जबलपूर
रविवार, जेवणं झाल्यावर

ती. पुष्पाताई,

पायांवर डोकं ठेवते (चष्मा आधी काढून ठेवला आहे, मागच्या वेळी नमस्कारात त्याची काडी मोडली होती). तुला आठवतं का ग, थंडीत आपण दोघी मागच्या अंगणात उन्हाकडे पाठ करून बसायचो, मध्ये पाटनच्या मटाराची टोपली, आणि आई आतून विचारायची, "दाणे भांड्यात पडून राहिले का पोटात?" तू सोलायचीस, मी खायचे, आणि ओरडा दोघींना सारखा मिळायचा. काही घडायचं नाही. ऊन सरकलं की आपण चटई सरकवायचो, एवढंच. काल मटार सोलताना ते आठवलं आणि उगीच डोळे भरून आले. पुढच्या मजकुराशी त्याचा संबंध नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? प्रियंकाची बदली रद्द झाली का? जावईबापूंचा खोकला? गच्चीतला कढीपत्ता? तुझी साखर कशी आहे हे मात्र मी विचारणार नाही. इन्सुलिनच्या पेनचा डबा सव्वा महिना तुझ्या फ्रिजच्या दारात तसाच आहे, त्याचं सीलसुद्धा फोडलेलं नाही, आणि डॉक्टरांनी आता डोळ्यांचं नाव काढलं आहे, हे प्रियंकानं मला रडत रडत सांगितलं आणि "मावशी, आईला यातलं एक अक्षर लिहू नकोस" असं वचन घेतलं. मी वचन पाळणारी बाई आहे. शिवाय फोनवर 'साखर' शब्द निघाला की तुझ्याकडचं नेटवर्क जातं, आणि मी भाजीचा विषय काढला की लगेच परत येतं. तेव्हा या पत्रात मी फक्त आमच्याकडची हकीकत कळवणार आहे. कंसात काही आलं तर ते धरू नये.

आमच्या ह्यांना कुत्रा चावला. (म्हणजे तुझ्या मेहुण्यांना. श्यामसुंदररावांना.) घाबरू नकोस, सांगते. आमच्या गल्लीत लल्लू नावाचा एक कुत्रा आहे, त्याला हे रोज सकाळी बिस्किटं घालतात. त्या दिवशी बिस्किटं संपली तरी लल्लूचं समाधान झालं नव्हतं. संध्याकाळी धुणं काढताना मला ह्यांच्या पायजम्याला भोकं दिसली. मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, काटा लागला." ताई, त्या काट्याला चार दात होते. रक्त आलं नव्हतं, पोटरीवर नुसतं खरचटलं होतं, पण आपला अनुपम (माझा मुलगा असला तरी डोकं बापाचं नाही, हे नशीब) ऑफिसातून आला तो थेट म्हणाला, "बाबा, ये मजाक नहीं है. रेबीज झाला तर इलाज नाही. पाच सुया घ्याव्याच लागतील." जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा म्हणून त्यांना न्हाणीघरात पाठवलं. हे दीड तास धूत होते. आतून कडी लावून.

तुला वाटेल, यात घाबरण्यासारखं काय? ज्या माणसाने चौतीस वर्षं फॅक्टरीत तोफगोळ्यांची मापं तपासली, तो माणूस सुईला भितो हे मला लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यावर कळलं. आजवर ह्यांना दवाखान्यात न्यायची वेळच आली नव्हती, म्हणून मी त्यांना निरोगी समजत होते. ते नुसते लपलेले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलनीतल्या दवाखान्यात गेलो. तिथे एकता म्हणून एक नर्स आहे, वर्ध्याकडची मुलगी, वडील इथे रेल्वेत होते. हसरी आहे, पण हात पोलादी. स्पिरिटच्या कापसाचा वास आला मात्र, हे पिठाच्या गोळ्यासारखे पांढरे झाले. एकता म्हणाली, "काकू, काका काहून असे करून राहिले? धरा त्यांना!" मी धरायच्या आत हे वजनाच्या काट्यावर पडले. (ब्याऐंशी किलो. मला घरी अठ्ठ्याहत्तर सांगतात.) तिने पाय उंच करून त्यांना झोपवलं, पाणी मारलं, आणि सगळं झाल्यावर ह्यांनी डोळे उघडून अत्यंत सभ्यपणे सांगितलं, "आज राहू द्या सिस्टर, उद्या येऊ." ती म्हणाली, "झाली काका. मघाच देऊन टाकली." ह्यांना इतका राग आला! मला विचारल्याशिवाय द्यायची नाही म्हणाले. आणि गंमत म्हणजे एकतानं कान पकडले. म्हणाली, "बराबर आहे काका, चूक झाली. पुढल्या बारीला सांगूनच देईन."

मग तिने मला बाजूला बसवून जे सांगितलं ते मी तुला शब्दशः कळवते. ती म्हणाली की काही माणसांचं रक्त सुईच्या नुसत्या विचाराने खाली उतरतं, म्हणून चक्कर येते. हा भित्रेपणा नाही, काकांची लाज काढू नका. पुष्कळ मोठ्या माणसांचं असं असतं आणि लाजेपायी ती सुई टाळत बसतात. (टाळत बसतात, ताई.) त्यावर उपाय असतात, आणि मोठ्यांचे वेगळे, मुलांचे वेगळे. आमच्या तनयचा, म्हणजे अनुपमच्या मुलाचा, पाच वर्षांचा बूस्टर राहिला होता. तो पण याच शनिवारी आणा म्हणाली, आजोबा-नातू एकत्र उरकू. आणि मला हिंदीत छापलेले दोन कागद दिले, एक ह्यांच्यासाठी, एक तनयसाठी.

इथून पुढे जो घोळ झाला त्याला आपली शाळा जबाबदार आहे. सिस्टर बेनेडिक्टांनी आपल्याला काय शिकवलं होतं? कोणताही महत्त्वाचा कागद आधी स्वच्छ अक्षरात उतरवून काढायचा. मजकूर निळ्या शाईत, आणि शीर्षक सगळ्यात शेवटी, लाल शाईत, निळी वाळल्यावर, म्हणजे पट्टी फिरवताना फराटा उठत नाही. मी दोन्ही कागद मराठीत उतरवले, एकाच चांगल्या जाड कागदाच्या दोन बाजूंना, वर शीर्षकासाठी दोन बोटं जागा सोडून. छापील कागद मळके होते, ते रद्दीत टाकले. मग लाल पेन शोधायला गेले, तर तनयनं त्याने लल्लूचं चित्र काढून शाई संपवलेली. रद्दीवाला तेवढ्यात येऊन गेला. आणि ताई, माझ्या हातात एक अत्यंत सुवाच्य कागद उरला ज्याच्यावर कोणती बाजू कोणाची हे लिहिलेलं नव्हतं.

एका बाजूला होतं: ज्याला सुई घ्यायची आहे त्याने दोन्ही पाय, पोट आणि दुसरा हात घट्ट आवळून धरावा, चेहरा गरम होईपर्यंत पंधरा मोजावेत, मग सोडावं, थोडं थांबावं, असं पाच वेळा, ज्या हाताला सुई द्यायची तो हात मात्र सैल. दुसऱ्या बाजूला होतं: ज्याला सुई घ्यायची आहे त्याला जवळच्या माणसाने मांडीवर घ्यावं, आवडती वस्तू हातात द्यावी, साबणाचे फुगे फुंकायला द्यावेत, कोणत्या हाताला हवी ते त्याला विचारावं, आणि "दुखणार नाही" असं खोटं सांगू नये.

आता तूच सांग. आवळा, मोजा, सोडा, हे सरळसरळ शाळेतल्या कवायतीसारखं आहे, म्हणजे तनयचं. आणि मांडीवर घ्यावं? हे मागच्या वेळी आडवे पडले होते, त्यामुळे डोकं मांडीवर घ्यायला सांगितलं असणार, हे मला अगदी पटलं. फुग्यांपाशी मी थोडी अडखळले. पण मग वाटलं, आजकाल श्वासाचं फार महत्त्व असतं, मेघना सकाळी टीव्हीसमोर नाक दाबून बसतेच की. (मेघना म्हणजे माझी सून, तुला माहीत आहे, पण पत्र घेऊन येणारे चिंतामणी ते वाचणार असतील तर त्यांना कळावं.)

शनिवारचा प्रसंग आमच्या दवाखान्यात पुढची दहा वर्षं सांगितला जाईल. बाकावर मी बसलेले. माझ्या मांडीवर ह्यांचं डोकं. ह्यांच्या एका हातात फॅक्टरीतून निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेलं मायक्रोमीटर, म्हणजे केसाची जाडी मोजतात ते स्क्रूचं यंत्र (आवडती वस्तू विचारली तर माझं नाव घेतील असं मला क्षणभर वाटलं होतं), दुसऱ्या हातात फुग्यांची बाटली, आणि छताकडे बघत हे गंभीरपणे फुगे सोडताहेत. शेजारी तनय मुठी आवळून टोमॅटोसारखा लाल, मोठ्याने पंधरा मोजतोय. एकता दारात आली आणि तिथेच उभी राहिली. तिने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा तनयकडे, मग तोंडावर फाईल धरली. "काकू," ती फाईलमागून म्हणाली, "उलटं झालं ना हो सगळं!"

मी उठायला गेले, तर ह्यांचं डोकं. मग म्हटलं, आता आहे तसं चालू दे.

आधी तनय. सुईच्या आधी त्याने मला विचारलं, "आजी, झूठ मत बोलना. दुखेगा?" ताई, मी आयुष्यभर सगळ्या मुलांना 'मुंगी चावेल फक्त' असं सांगत आले. त्या दिवशी पहिल्यांदा खरं सांगितलं. म्हटलं, "हो रे, दुखेल. पाच मोजेपर्यंत." तो म्हणाला, "बस पाँच? मैं तो पंद्रह तक गिनता हूँ!" एकतानं त्याचा दंड तेवढा सैल करून घेतला आणि तो आठ म्हणायच्या आत काम झालं. आठ, नऊ, दहा, तो मोजतच राहिला.

मग हे. एकता म्हणाली, "काका, कोणत्या हाताला देऊ?" ह्यांनी विचार केला. म्हणाले, "आधी मला ती सुई मोजायची आहे." मला वाटलं, झालं, आता ही मुलगी आम्हाला बाहेर काढणार. पण तिने एक बाद झालेली, न वापरलेली सुई काढून दिली. ह्यांनी चष्मा चढवला, झोपल्या झोपल्याच मायक्रोमीटरचा स्क्रू हलकेच फिरवला. "शून्य पॉइंट पाच एक मिलिमीटर," हे म्हणाले. "एवढीच? अहो, आमच्याकडे एवढी तर गोळ्याच्या मापात सूट देत होते." आणि डावा हात पुढे केला.

चक्कर नाही, काही नाही. एकता म्हणते चक्कर आली नाही ती आडवे होते म्हणून. हे म्हणतात माप कळलं म्हणून. तनय म्हणतो फुग्यांमुळे. मला विचारशील तर मला काहीच कळलेलं नाही.

(हे कंसात आहे. परत येताना हे औषधाच्या दुकानात थांबले आणि तुझ्या इन्सुलिनच्या पेनला लागतात तसल्या सुया त्यांनी विकत घेतल्या. घरी एक मोजली. शून्य पॉइंट दोन तीन. स्वतःच्या सुईच्या निम्म्याहून कमी. मोजून झाल्यावर सुईला टोपण लावलं. मग म्हणाले, "पुष्पाताईंना हा आकडा कळव." मी म्हटलं मी वचन दिलं आहे. म्हणाले, "मी नाही दिलेलं.")

तिसऱ्या सुईला मी सगळं नियमाने करायचं ठरवलं. आता बाजू कळल्या होत्या. ह्यांना सकाळी पोटभर खायला घातलं, पाणी पाजलं, पाठ केलेलं म्हणवून घेतलं: पाय ताठ, पोट ताठ, उजवा हात ताठ, डावा सैल. तिथे गेल्यावर ह्यांनी जे आवळलं ते सगळंच आवळलं. एकता म्हणतेय, "काका, हा हात सोडा." हे तो हात सोडताहेत तर बरोबर पायही सोडताहेत. पाय धरले की हात परत लोखंड. "काका, हात सैल, बाकी सगळं ताठ!" असं ती म्हणतेय, मी म्हणतेय, तनय म्हणतोय, आणि बाकावरचे लोकही म्हणायला लागले. शेवटी घाम पुसत हे म्हणाले, "सिस्टर, चौतीस वर्षांत मला एकाच वेळी दोन उलट हुकूम कोणी दिले नव्हते." आणि आपणहून आडवे झाले आणि फुग्यांची बाटली मागितली.

तेव्हा तिथे मझौलीकडचा दूधवाला धनेश बसला होता. पत्र्याने हात कापला म्हणून धनुर्वाताची सुई घ्यायला आलेला. हा एवढा माणूस, मिशा कानापर्यंत, आणि डोळे भरलेले. तो हळूच म्हणाला, "बहनजी, वो बुलबुले वाली शीशी... जरा इधर भी." मी दिली. एकतानं आता दवाखान्याच्या पैशातून बारा बाटल्या मागवल्या आहेत आणि बाकावर ठेवल्या आहेत. घेणाऱ्याचं वय कोणी विचारत नाही.

आता एक गोष्ट लिहिते, ती मला जरा जड जाते. एकतानं त्या दिवशी तनयला सहज विचारलं, सुईची भीती तुला कोणी घातली? तो म्हणाला, "आजी. दुधी नहीं खाया तो सुई लगवा देगी." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताई, खरं आहे. मी अनुपमलाही हेच सांगून वाढवलं. भेंडी खा, नाहीतर सुई. झोप, नाहीतर सुई. आपल्या घरात जेवणाच्या ताटात मिठाबरोबर ती असायचीच. घरी येऊन मी विचार करत बसले की मला कोणी घातली होती ही भीती, तर आठवलं. निळ्या पिशवीवाली बाई! दूध टाकलं की ती येऊन सुई टोचते म्हणून मला कोण सांगायचं? तू. तू नऊ वर्षांची होतीस, आई सकाळी शाळेत शिकवायला गेलेली असायची, आणि मला दूध पाजायचं काम तुझ्याकडे होतं. मी रागावलेली नाही, हाडं बळकट आहेत ती तुझ्यामुळे. पण मला आज पहिल्यांदा असं वाटलं की ती बाई तूच रचलीस म्हणून तू तिला भीत नसशील, असं मी उगीच धरून चालले होते. नऊ वर्षांच्या मुलीने एवढी खरी बाई कुठून आणली असेल? तिलाही ती कोणीतरी दाखवलीच असणार. तुला तेव्हा कोणी विचारलं नाही. आम्ही सगळे तुझ्याहून लहान, आणि मोठ्या बहिणीला भीती वाटते हे लहानांना खपत नाही.

असो. चौथी सुई परवा झाली, एक राहिली. ह्यांनी तिसऱ्यासारखीच घेतली, आडवे होऊन, फुंकत. लल्लू धडधाकट आहे, बिस्किटं आता भिंतीवरून टाकतात.

प्रियंकाला आशीर्वाद. जावईबापूंना आलं घालून काढा दे. तुला परत एकदा नमस्कार.

तुझी,
विनी

ता. क. वर मी मांडीवर डोकं घेऊन शांत बसले होते असं वाचून तुझा गैरसमज होईल. तनय सांगतो की त्या शनिवारपासून तिन्ही वेळा मी डोळे घट्ट मिटून शाळेतली सकाळची प्रार्थना पुटपुटत होते आणि तिसऱ्या सुईला "आमेन" इतक्या जोरात म्हटलं की धनेश उभा राहिला. मी आजवर एकही सुई जाताना पाहिलेली नाही. तेव्हा या विषयात माझा सल्ला कोणी घेऊ नये.

ता. क. दुसरा. अक्षर असं वेडंवाकडं आहे कारण हे मी सिवनीच्या बस स्टँडवर लिहिते आहे. पत्र चिंतामणीबरोबर पाठवते असं मी घरी सांगितलं होतं. (चिंतामणी म्हणजे आमच्या शेजारचे वकील, तुझ्या नागपूरला तारखेला जातात.) पण सकाळी त्यांना पिशवी द्यायला जबलपूरच्या स्टँडवर गेले आणि पिशवीबरोबर मीही चढले. ह्यांना फोन केला. म्हणाले, "मला वाटलंच होतं, तुझी शाल दिसली नाही."

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पत्र चिंतामणी वर आणून देतील. मी तुझ्या इमारतीच्या खाली रिक्षात बसले आहे. आधी वर आले असते तर तू दार उघडताच मोठी झाली असतीस, चहा टाकला असतास, आणि मी सहा वर्षांची होऊन कढीपत्त्याबद्दल बोलत बसले असते. लिहिलेलं तरी तू शेवटपर्यंत वाचशील. आता पिशवीतलं सामान असं वाटायचं:

खोवा जिलबीचा डबा प्रियंकाचा आणि जावईबापूंचा. तुला त्यातलं काही नाही, आणि चिंतामणींनाही नाही, त्यांनी वाटेत खाल्ली आहे.

दोन्ही बाजूंनी लिहिलेला जाड कागद तुला. शीर्षकं आता घातली आहेत, पण ती वाचू नकोस. जी बाजू आवडेल ती घे.

फुग्यांच्या बाटल्या दोन, एक तुला, एक मला.

ह्यांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी, तिच्यावर फक्त एक आकडा आहे, ती फ्रिजच्या दाराला लावायला प्रियंकाकडे द्यावी.

आणि रिक्षात एक बाई आहे, पिशवीबरोबरच आलेली, पाय आखडले आहेत, मीटर चालू आहे. तिला तुझ्या डाव्या बाजूला बसवायचं. सुई तू घ्यायचीस, कारण तिला बघवत नाही. पण तुझा जो हात मोकळा असेल, तो तिचा.